मावशी गाडीतून उतरेना

३ डिसेंबर

चि. छोटीस, आशीर्वाद आणि काळजी, दोन्ही.

तुझ्या साहेबांनी विचारलं, ‘तुमचा भाऊ काय शिकलाय?’ त्यांना सांग, शाळा नववीपर्यंत. पुढचं शिक्षण खाली लिहितो. ते सगळं अजून उभं आहे, कोणीही येऊन हात लावून पाहावं.

घराचा जिना. एकही पायरी करकरत नाही. आईला शेवटच्या वर्षी कोणाला हाक न मारता उठून बसता यावं म्हणून छताला अडकवलेली दोरी आणि तिची लाकडी मूठ. मूठ तिच्या मुठीच्या मापाची, माझ्या नव्हे. गॅरेजमधली कप्पी, जिने मी एकटा अख्खं इंजिन वर उचलतो आणि हातातला चहा हिंदकळत नाही. तुझ्या वहिनीच्या शिलाई मशीनला जुन्या मिक्सरची मोटर. पहिल्या दिवशी ते असं उधळलं की उशीचा अभ्रा चारही बाजूंनी शिवून मोकळं झालं, आता नीट चालतं. तुझी दोन्ही पोरं ज्यात झोपली तो पाळणा. एक रेडिओ, जो का कोण जाणे फक्त हवामान सांगतो. हेही लिही. लपवायचं काही नाही.

आता मावशीचं. पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो. तू लिहितेस, ‘मावशी गाडीतून उतरायला तयार नाही. कोणी जवळ गेलं की फिस्कारते. काल तर ड्रायव्हरला बोचकारलं. तिचे दिवस भरत आलेत हे आता सगळ्यांनाच दिसतंय.’ मावशीची जीभ तिखट, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. पण बोचकारणं? आणि तू हे इतक्या थंडपणे लिहितेस? जिने आपल्या दोघांना न्हाऊमाखू घातलं तिचे दिवस भरत आलेत, आणि तू पुढच्याच ओळीत जुन्या अँब्युलन्सच्या पट्ट्याचं रडगाणं लावतेस!

तिला मुळात गाडीत बसवलंच कशाला, हे मी विचारत नाही. उतरवताना काखेत हात घाल, दंडाला धरून ओढू नकोस. तिच्याशी वाद घालू नकोस. जे मागेल ते खायला दे, आता पथ्य कसलं पाळायचं. मामाला आणि दोन्ही आतेबहिणींना मी कळवलं आहे. मी सोमवारी निघतो.

दादा

&nbsp;

७ डिसेंबर

प्रिय दादा, नमस्कार नंतर. आधी मला हसून घेऊ दे.

मावशी ठणठणीत आहे. आपली मावशी. परवा मामा सफरचंदांची पिशवी घेऊन तिच्या दारात, डोळे लाल. ती दोरीवर चादर वाळत घालत होती. हा जाऊन तिच्या पायांशीच बसला. ती म्हणाली, ‘काय रे, कोण गेलं?’ मामा म्हणाला, ‘अजून कोणी नाही.’ तेवढ्यात आतेबहिणी आल्या, एक हुंदके देत आणि दुसरी तिला गप्प करत. मावशीने सफरचंदं ठेवून घेतली आणि तिघांना हाकलून दिलं. मग मला बोलावून घेतलं. ‘तुझ्या दादाला सांग,’ म्हणाली, ‘माझे दिवस भरले की मी माझ्या हाताने पत्र टाकीन. तोवर त्याने दुसऱ्या कोणाला पोचवावं.’

चूक अर्धी माझी. पत्राचा पहिला कागद माझ्या टेबलावरच राहिला आणि तुला गेला तो फक्त दुसरा. फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून सगळं पुन्हा लिहिते.

आमच्या रुग्णालयाच्या गाडीतळावर मांजरं आहेत. त्यांतली थोरली, करड्या रंगाची, अर्धा कान गेलेली, तिला सगळे मावशी म्हणतात. वाघाची मावशी. दिवस भरलेत ते तिचे. पिल्लं होतील आठवड्याभरात. थंडी पडल्यापासून ही सगळी मंडळी गाड्यांच्या इंजिनात शिरून बसतात. गाडी बाहेरून आली, इंजिन गरम असलं, की खालून आत. गेल्या महिन्यात ड्रायव्हरने चावी फिरवली आणि एक पिवळं मांजर पट्ट्यात गेलं. मी ते बाहेर काढलं, दादा. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. गाडी फाटकातच बंद पडली, आत पेशंट होता. त्याला उचलून दुसऱ्या गाडीत घालावं लागलं.

साहेब वाईट माणूस नाहीत. पण त्यांनी पिंजरेवाल्याशी बोलून ठेवलंय. मांजरामागे पैसे घेतो आणि टेम्पोतून घेऊन जातो. कुठे नेतो हे कोणी विचारत नाही, कारण त्याने नेलेलं मांजर पुन्हा कोणी पाहिलेलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘साहेब, मला हा हिवाळा द्या. माझा भाऊ आहे, तो काहीतरी करील.’ ते म्हणाले, ‘दिला. पण मांजरापायी आणखी एक गाडी अडली, तर त्याच दिवशी पिंजरे येतील.’

बोलून बसले आहे. आता तूच काय ते बघ. येऊ नकोस, आधी डोकं चालव.

छोटी

ता. क. बॉनेटवर थापा मारून झाल्यात, हॉर्न वाजवून झालेत. मावशी हॉर्नला भीक घालत नाही.

&nbsp;

११ डिसेंबर

चि. छोटीस,

यापुढे पानांवर आकडे घालत जा. मावशीला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. तिचं उत्तर आलं. त्यातला मजकूर तुला सांगण्यासारखा नाही.

कामाचं ऐक. थापा मारायच्या, त्या सोडू नका. साधं मांजर थापेने पळतं. पण घाबरट मांजर, पोटुशी मांजर आणि पिल्लू पळत नाही, ते उलट वर आणि आत सरकतं, जिथे तुमचा हात पोचत नाही. मग तुम्ही काय करता? काठी घालता, पाणी मारता, टॉर्च पाडता, पाच जण ओरडता. मी मांजर असतो तर मीही उतरलो नसतो.

मी गॅरेजमध्ये दोन दिवस आमच्या बोक्याकडे पाहत बसलो. तुझी वहिनी म्हणाली, ‘इतकं कधी माझ्याकडे नाही पाहिलंत.’ पण मला एक गोष्ट सापडली. घाबरलेलं मांजर उजेडाकडे पळत नाही. ते अंधारातून अंधारात जातं. तुम्ही त्याला बॉनेट उघडून सताड उजेडाची वाट दाखवता, आणि त्या उजेडात पाच माणसं उभी. त्याला अंधाराची वाट द्या.

म्हणून सोबत पार्सल आहे. मांजरपाटाचा बोगदा. (मांजरपाटच, त्यावर विनोद नकोत, सगळे माझे करून झालेत.) आत तारेच्या कड्या आहेत म्हणून तो मिटत नाही. एका तोंडाला जुन्या स्पीकरचे लोहचुंबक शिवलेत, ते इंजिनाच्या खाली पत्र्याला आपोआप चिकटतात. दुसरं तोंड लाकडी खोक्यात जातं. खोक्याला सरकतं दार. गाडीच्या भोवती लावायला पडदेही आहेत, म्हणजे बाकी सगळ्या वाटा बंद, आणि उघडी राहते ती एकच. चावी आधी खिशात घालायची. खोक्यात वासाचं खाणं आणि कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. मग सगळ्यांनी निघून जायचं. निघून म्हणजे निघून. दाराआडून बघायचं नाही.

शिवण दुहेरी आहे. ओढून पाहा.

दादा

&nbsp;

१९ डिसेंबर

प्रिय दादा,

तुझं पार्सल उघडलं तेव्हा अख्खा गाडीतळ गोळा झाला. नव्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने बोगदा हातात उचलून धरला. ‘ताई, भावाने मांजराला पायजमा शिवला की काय? एक पाय कमी पडलाय.’ तेव्हापासून त्याचं नाव पायजमा. साहेबसुद्धा विचारतात, ‘पायजमा लावला का?’

लावला. तू सांगितलंस तसं सगळं केलं. मावशी खाली आली, बोगद्याच्या तोंडाशी नाक नेलं, शिंकली, आणि परत वर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी स्वतः नाक खुपसून पाहिलं. दादा, तू तो साबणाने धुतलास ना? आणि वर इस्त्री? दवाखान्याच्या चादरीसारखा वास येत होता. इथल्या मांजरांना त्या वासाची माणसं ठाऊक आहेत, ती सुई घेऊन येतात.

मग मी माझी अक्कल चालवली. मावशी ज्या फाटक्या चादरीवर उन्हात लोळते ती चादर बोगद्यात घासली, खोक्यातही तीच अंथरली. पायजमा पार मळवून टाकला. तुला पाहवला नसता. आणि त्याच दुपारी आमची मावशी पायजम्यातून चालत खोक्यात गेली, जशी काही माहेरी निघाली! ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या, मी त्यांना दटावलं.

तिला पिल्लं झाली. चार. सामानाच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात. साहेब येऊन बघून गेले, आणि हसले.

आता एकच भीती आहे. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. सामानाची खोली हे पहिलं घर झालं. जुनी अँब्युलन्स दुपारी गरम इंजिन घेऊन बरोब्बर त्याच खोलीसमोर उभी राहते.

छोटी

&nbsp;

२२ डिसेंबर

चि. छोटीस,

साबण मी लावला, कारण मळकं काम मी कोणाच्या हातात देत नाही. असो. वास चुकला हे मान्य. चादरीची युक्ती चांगली आहे. ती मला सुचायला हवी होती, म्हणून दोन दिवस राग आला, आता नाही.

सात घरांचं तू म्हणतेस ते खरं आहे. पिल्लाला पायजम्यात (मीही तेच म्हणू लागलोय, वहिनीमुळे) आपण होऊन शिरता येणार नाही, त्याला वाट कळत नाही, आईची हाक कळते. त्यासाठी खोक्याला जाळीचं दार हवं, म्हणजे आई आत बसेल आणि तिचा आवाज अन् वास बोगद्यातून वर जाईल. तोंडही रुंद हवं. दुसरा शिवतोय. धुणार नाही.

शुक्रवारी स्वतः घेऊन येतो. स्टेशनवर कोणाला पाठवू नकोस, मला रस्ता माहीत आहे.

दादा

&nbsp;

३० डिसेंबर

प्रिय दादा,

शुक्रवारी जे झालं ते तुझ्या हातून झालं, तरी तुला लिहून कळवते आहे. कारण तुझं डोकं गाडीखाली होतं आणि तुझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुला ठाऊक नाही. का ठाऊक नाही, तेही शेवटी लिहिणार आहे. रागावू नकोस.

तू फाटकातून आत आलास तेव्हा मावशीने तीन पिल्लं जुन्या अँब्युलन्समधून तोंडात धरून परत नेली होती. चौथं आत राहिलं होतं. बाकावर डायलिसिसचे तीन पेशंट घरी जायला बसलेले. नवी गाडी लांब गेलेली. पेशंट सोडायची वेळ झाली की जुनी निघायलाच हवी होती. नाही निघाली तर ‘गाडी अडली’. पिंजरेवाला सकाळीच कुठूनतरी खबर लागून आला होता, टेम्पोला टेकून शेंगा सोलाव्यात तशी नखं सोलत उभा होता. साहेब घड्याळ बघत होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

तू चावी माझ्याकडून घेतलीस, खिशात टाकलीस आणि आडवा झालास.

आता ऐक. ते पिल्लू ओरडत होतं. असं ओरडत होतं की बाकावरच्या आजीने कानांवर हात ठेवले. आणि आवाज येत होता पंख्याकडून, डाव्या बाजूने. ड्रायव्हर ओरडला, ‘मिस्त्री, डावीकडे! पंख्यापाशी!’ दुसरा म्हणाला, ‘नाही हो, वरून येतोय!’ साहेब म्हणाले, ‘डावीकडेच आहे, मला स्पष्ट ऐकू येतंय.’ आम्ही सगळे डावीकडे जमलो. तू उजवीकडे सरकत गेलास. एकदाही मान वळवली नाहीस. पिंजरेवाला हसून म्हणाला, ‘तुमच्या मिस्त्रीला डावं-उजवं कळत नाही वाटतं.’ माझा जीव असा झाला होता की वाटलं, तुझा पाय धरून तुला डावीकडे ओढावं.

तू हाताचा पंजा पत्र्यावर ठेवून जरा जरा पुढे सरकत होतास, डॉक्टर पोट तपासतात तसा. मग थांबलास. म्हणालास, ‘इथे थरथर आहे.’ उजव्या पुढच्या चाकाच्या वर, आतल्या प्लास्टिकच्या पडद्यामागे. गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यावर टेकवलीस, चाक काढलंस, पडद्याचे खिळे काढलेस, आणि दिसलं मुठीएवढं, काळं, तेलाने माखलेलं. हवेच्या पोकळ नळीला तोंड लावून बसलं होतं! नळीचं दुसरं टोक पंख्यापाशी. ओरडत होतं उजवीकडे आणि आवाज निघत होता डावीकडून. आम्ही कानांचे गुलाम, सगळे फसलो.

तू हात घालून ओढलं नाहीस. पायजम्याचं रुंद तोंड तिथे चिकटवलंस, मावशीला जाळीच्या खोक्यात बसवलंस, आणि आम्हाला म्हणालास, ‘निघा.’ साहेब म्हणाले, ‘अहो, वेळ होत आली.’ तेव्हा बाकावरचे आजोबा काय म्हणाले हे तू ऐकलं नाहीस. ते म्हणाले, ‘साहेब, आम्ही आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला बांधलेले असतो. पिल्लासाठी पाच मिनिटं बसलो तर मरत नाही.’ आणि तिघेही बाकावर आणखी मागे टेकून बसले. साहेबांनी घड्याळ बाहीखाली सारलं आणि आम्ही सगळे बाकामागे सरलो.

मावशीने आतून हाक दिली. पोटातून काढतात तशी, घोगरी. पायजम्यात एक फुगवटा आला. तो फुगवटा थांबला, हलला, पुन्हा थांबला, आणि सरळ खाली गेला. आजी म्हणाली, ‘गेलं गं बाई, आईकडे गेलं!’ मग जो गलका झाला! दादा, वॉर्डच्या खिडक्या उघडल्या. साहेबांनी स्वतः चाक धरून दिलं, कोटाला ग्रीस लागलं, तरी धरून उभे राहिले. गाडी वेळेत फाटकाबाहेर पडली. साहेब पिंजरेवाल्याला म्हणाले, ‘गाडी अडलेली नाही. तुम्ही निघा.’

ते काळं पिल्लू आजोबांनी मागून ठेवलंय. जरा मोठं झालं की नेणार.

आता शेवटचं. संध्याकाळी साहेब मला म्हणाले, ‘काय एकाग्रता आहे हो तुमच्या भावाची, एवढ्या आरडाओरड्यात ढिम्म हलला नाही.’ मी ‘हो’ म्हणाले. पण मला ते एकाग्रतेचं वाटलं नाही. पिल्लू बाहेर आलं, तुझ्या तळहातावर बसून तुझ्या तोंडाकडे बघत किंचाळत होतं, आणि तू मला विचारलंस, ‘ओरडत का नाही गं हे, बरं आहे ना?’

दादा, कधीपासून?

छोटी

&nbsp;

२ मार्च

चि. छोटीस, अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला कारण शिवत होतो.

कानांचं: मोठे आवाज येतात. माणसाचं बोलणं समोर असेल तर येतं. बारीक आवाज दोन-तीन वर्षांपासून येत नाहीत. पक्षी, शिट्टी, चहाचं आधण, आणि आता कळलं, मांजराचं पिल्लू. फोनवर मी ‘बरं’ म्हणतो कारण बहुतेक प्रश्नांना ते उत्तर चालतं. मी कोणाला सांगितलं नाही, कारण ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे गाडी कोण देईल, असं वाटायचं. तू मामाला सांगितलंस, मामाने आतेबहिणींना, आणि मावशीने मला एका ओळीचं पत्र टाकलं: ‘तू लहानपणीही ऐकत नव्हतास.’ एवढं सगळं होऊन गिऱ्हाईक एकही कमी झालं नाही. उलट परवा एक जण गाडी घेऊन आला, म्हणाला, ‘हाताने ऐकणारे मिस्त्री तुम्हीच का?’ मी हो म्हटलं. वहिनी दुकानाच्या पाटीवर तेच लिहायला निघाली होती, मी थांबवलं. सध्या थांबवलं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. माझ्या पाठीमागे एवढं घडलं आणि मला पत्ताच नाही! आजोबांचं बोलणं ऐकायला मिळायला हवं होतं. बाकी काही चुकलं नाही.

साहेबांचं पत्र आलं. थंडी संपली, एकही गाडी अडली नाही, एकही मांजर गेलं नाही, पिंजरेवाल्याला पुन्हा बोलावणार नाही असं त्यांनी सहीनिशी लिहिलंय. ते मी जिन्यात लावलंय. त्यांनी शेजारच्या दोन रुग्णालयांना सांगितलं, त्यांनी आणखी कोणाला, आणि माझं शिवणकाम काही थांबत नाही. ज्यांना हवं त्यांना कागदाचा नमुना कापून देतो, स्वतः शिवा म्हणतो. बजावून सांगतो की साबण लावू नका. ही युक्ती माझ्या बहिणीची, हेही सांगतो. तुझ्या ड्रायव्हरला कळव, सगळीकडे त्याने दिलेलंच नाव पडलंय, पायजमा. मी ‘बोगदा’ म्हणत राहिलो, कोणी ऐकलं नाही.

आणि काल पिंजरेवाला आला. हो, तोच. टेम्पो गॅरेजसमोर लावून आत आला, अदबीने बसला. म्हणाला, मिस्त्री, तुमचा पायजमा मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. माझी अर्धी मांजरं हातातून निसटतात, माणसं बोचकारून घेतात. तुमच्या वस्तूने मांजर न ओरडता, आपल्या पायांनी खोक्यात येईल. गल्लीच्या गल्ली एका दिवसात साफ होईल. मला हक्क द्या, दुसऱ्या कोणाला शिवून द्यायचं नाही, शिकवायचं नाही.

मग त्याने रक्कम सांगितली. वहिनी पलीकडे होती म्हणून खालच्या आवाजात सांगितली. मी म्हटलं, ‘काय?’ त्याला वाटलं मी घासाघीस करतोय. त्याने वाढवली, आणखी हळू आवाजात. मी म्हटलं, ‘काय?’ तो घाम पुसून पुन्हा वाढला. खरं सांगतो छोटी, मला एकही आकडा कळला नव्हता. तेवढ्यात तुझी वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि दोन बोटं वर करून मोठ्याने म्हणाली, ‘अहो, ते दोन लाख म्हणतायत!’

मी त्याला म्हटलं, ज्या वाटेने मांजर विश्वासाने खाली येतं, ती वाट तुझ्या टेम्पोत उघडणार नाही.

तर नाही म्हटलेली रक्कम, तुझ्या माहितीसाठी: दोन लाख, रोख.

दादा